दाढेचं निमित्त

मनकर्णाबाईंची दाढ दुखत नव्हती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे काही झालं त्यात त्या दाढेचा काडीचाही दोष नव्हता. तोंडाच्या उजव्या कोपऱ्यात, सगळ्यात मागे, कोणाच्या अध्यातमध्यात न पडता ती राहत होती. थोडी हलत होती. पण सत्तरी ओलांडल्यावर माणसाचं काय हलत नाही?

दोष द्यायचाच झाला तर तो नंदनवन वस्तीतल्या त्या गल्लीला द्यावा. त्या गल्लीतून हातात पिशवी घेऊन कोणी निघालं, की कोपऱ्यापर्यंत पोहोचायच्या आत निदान तिघं तरी विचारणार, "कुठं चालले?" आणि नुसतं "इथंच" म्हणून भागत नाही. इथंच म्हणजे कुठं, कशाला, कोणासोबत आणि येताना कोथिंबीर आणाल का, इथपर्यंत सगळं झाल्यावरच माणसाची सुटका होते.

मनकर्णाबाईंना खोटं बोलायची सवय नव्हती. त्यांची सगळी नोकरी टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये गेली. तो जमाना आता कोणाला सांगूनही पटत नाही. कानाला हेडफोन, समोर लुकलुकणाऱ्या दिव्यांचा बोर्ड आणि हातात जोडायच्या दोऱ्या. साधा कॉल, अर्जंट कॉल, आणि फारच आणीबाणी असली तर लाइटनिंग कॉल. कोणाच्या घरी पाळणा हलला, कोणाची सोयरीक फिसकटली, हे महाल भागातल्या सायकलरिक्षावाल्यांच्याही आधी त्यांना कळायचं, आणि त्यातला एक शब्द त्यांनी कधी घरी आणला नाही. पण गुपित ठेवणं वेगळं आणि खोटं बोलणं वेगळं. पहिल्यात त्या तरबेज होत्या, दुसऱ्यात अगदीच कच्च्या. आणि कच्च्या माणसानं एकदा खोटं बोलायला घेतलं, की त्याला थांबायचं कुठं ते कळत नाही.

हे सगळं झालं ते नातवासाठी. हर्षित नववीत होता. सकाळी दात घासायला गेला, की ब्रश तोंडात तसाच ठेवून गच्चीवर पोहोचायचा, कारण टाकीवर कबुतर बसलेलं दिसलं. कबुतरावरून पतंग आठवायचा, पतंगावरून मांजा, मांज्यावरून शेजाऱ्याचं उसनं आणलेलं पाना-पकड, आणि मग शाळेची बस कोपऱ्यावरून निघून गेली की त्याला आठवायचं की आपण दात घासत होतो. डबा शाळेत राहायचा, दप्तर बसमध्ये राहायचं. एकदा तर एका पायात बूट आणि एका पायात चप्पल घालून तो थेट वर्गात जाऊन बसला होता. गणितातला सगळ्यात अवघड भाग तो चुटकीसरशी करायचा आणि उत्तर लिहायचं विसरून पुढच्या गणिताकडे जायचा. पेपरचं मागचं पान उलटायचं असतं, हे त्याला दर परीक्षेनंतर नव्यानं कळायचं. वर्गात बाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आधी उत्तर ओरडायचा. रागावला तर दार आपटायचा, आणि थोड्या वेळानं त्याच दाराशी बसून रडायचा.

त्याचे वडील अंकुश मौद्याच्या वीज प्रकल्पात शिफ्टमध्ये काम करत. घरी आले की बूट काढता काढता पोराची हजेरी सुरू व्हायची.

"अख्ख्या विदर्भाले लाइट पुरवून राहिलो मी," ते म्हणायचे, "अन् ह्या एका पोराच्या डोक्यात उजेड पाडता येत नाही मले!"

शेवटी त्यांनी निकाल दिला. वर्ध्याच्या पलीकडे एक निवासी शाळा होती. शिस्तीसाठी नावाजलेली. दिवाळीपर्यंत सुधारला तर ठीक, नाही तर दिवाळीनंतर हर्षित तिकडे.

त्या दिवशी हर्षितनं काही आपटलं नाही. स्वयंपाकघरात येऊन आजीशेजारी बसला आणि मटार सोलता सोलता म्हणाला, "आजी, तिथून घरी फोन करू देतेत काय वं?"

मनकर्णाबाईंनी आयुष्यभर लोकांचे फोन जोडून दिले होते. या प्रश्नानं त्यांच्या हातातली मटाराची शेंग तशीच राहिली. अंकुश आणि सून मोनाली दोघंही नोकरीवर, त्यामुळे या पोराला न्हाऊमाखू घालण्यापासून सगळं त्यांनीच केलं होतं. तो गेला तर घरात आवाज कोणाचा राहणार? फ्रिजचा?

मग उपाय सुरू झाले. समोरच्या घरातल्या प्रेमिलाबाईंनी ब्राह्मीचं तेल आणून दिलं. ते इतकं लावलं की हर्षितच्या उशीची स्मरणशक्ती कमालीची वाढली असणार. हर्षितची होती तेवढीच राहिली. भिजवलेले बदाम दिले, ते त्यानं निष्ठेनं खारीला खाऊ घातले. खार मात्र रोज ठरलेल्या वेळी हजर राहू लागली. दृष्ट काढून झाली. शेजारचे बाबाराव, रिटायर्ड मुख्याध्यापक, कुंपणावरून म्हणाले, "मोबाइल काढून घ्या त्याचा. सगळी बिमारी त्यातच हाय. आमच्या वेळेस असं काही नव्हतं. काहून? कारण आमच्या वेळेस मास्तर होते!"

मोबाइल काढून घेतला. हर्षितनं रिकाम्या हातांनी मिक्सर उघडला. आत काय असतं ते त्याला पाहायचं होतं. ते त्याला समजलंसुद्धा, पण तेवढ्यात बाहेर कुल्फीवाला आला. पुढचे काही दिवस घरात चटणी पाट्यावर वाटली गेली. बाबारावांना ती फार आवडली.

शेवटी वर्गशिक्षिकेनंच मोनालीला बाजूला बोलावून सांगितलं, "पोरगा हुशार आहे, ताई. आळशी नाही. त्याला काहीतरी जड जातंय. एकदा चांगल्या डॉक्टरांना दाखवा," आणि एक नाव दिलं. डॉक्टर अपेक्षा सोनकुसरे. महालात, एका अरुंद गल्लीतल्या नव्या इमारतीत, दुसरा मजला. मोनालीनं वेळ घेतली. अंकुशनं "तुमाले जे करायचं ते करा, दिवाळी मले माहीत हाय" एवढंच म्हटलं.

अडचण पाटीची होती. दवाखान्याच्या पाटीवर 'मनोविकारतज्ज्ञ' असं लिहिलं होतं, आणि तो शब्द नंदनवनातल्या आपल्या गल्लीत उच्चारला तर संध्याकाळपर्यंत हर्षितची काय गत होईल, याची मनकर्णाबाईंना पक्की कल्पना होती. मात्र त्याच इमारतीत तळमजल्यावर दातांचा दवाखाना होता. त्यामुळे हर्षितला घेऊन निघताना फाटकाशी प्रेमिलाबाईंनी "कुठं चालल्या वं?" विचारलं, तेव्हा मनकर्णाबाई पटकन म्हणाल्या, "महालात. दाताच्या डॉक्टरकडं. दाढ दुखून राहिली."

"अगं मायबाई!" प्रेमिलाबाई म्हणाल्या. "थांब जरासक. माही कवळी बी ढिली झाली हाय. मी पण येतो तुह्यासंगं. एकटीनं जाऊन काहून राहिली? दात काढताना कोणी हात धराले पाह्यजे."

आता बाईमाणसाला हात धरू नको कसं म्हणणार?

ऑटोत तिघं बसली. मोनाली ऑफिसातून परस्पर दुसऱ्या मजल्यावर पोहोचणार होती. हर्षितला सगळा प्रकार ठाऊक होता आणि त्याला तो भलताच आवडला होता. "आजी, लय दुखून राहिलं काय?" तो दर सिग्नलला विचारायचा. इमारत आली तसा तो "मी आईले पाहतो" म्हणून जिन्यानं वर पळाला, आणि मनकर्णाबाई प्रेमिलाबाईंच्या पहाऱ्यात तळमजल्यावर अडकल्या.

त्यांचा बेत साधा होता. डॉक्टर तपासेल, काही नाही म्हणेल, आपण वर जायचं. पण तो दातांचा डॉक्टर तरुण आणि उत्साही निघाला. त्यानं आरसा घालून पाहिलं आणि जीभ टाळ्याला लावून चुकचुक केली.

"आजी, खरंच दुखतं म्हणता, की फार दुखतं?"

"तसं... दुखते," मनकर्णाबाई प्रेमिलाबाईंकडे पाहत म्हणाल्या.

"दुखणारच. मुळापासून गेली आहे. हलतेय किती! काढून टाकू, आजच. दोन मिनिटांचं काम."

"आज नको, नंतर येतो."

"अवं, काढून टाक!" प्रेमिलाबाईंनी त्यांचा हात घट्ट धरला. "आली तं आली. मी हावो ना."

ज्यांनी आयुष्यभर लोकांच्या लाइटनिंग कॉलना वाट करून दिली, त्या मनकर्णाबाईंना स्वतःच्या तोंडातली एक दाढ वाचवण्यापुरता शब्द सुचला नाही. इंजेक्शन टोचलं, गाल पोळीच्या गोळ्यासारखा जड झाला, आणि ती बापडी दाढ, जिनं कधी कोणाला दुखवलं नव्हतं, एका छोट्या वाटीत जाऊन पडली. नातवासाठी कोणी सोनं विकतं, कोणी शेत विकतं. मनकर्णाबाईंनी दाढ दिली.

प्रेमिलाबाई कवळीच्या मापासाठी खुर्चीत बसल्या आणि त्यांचं तोंड उघडं पडलं, ही संधी साधून मनकर्णाबाई वर धावल्या.

डॉक्टर सोनकुसरे पन्नाशीच्या, शांत बाई होत्या. त्यांना हर्षितचं लहानपण विचारायचं होतं. केव्हापासून असं होतं? बारा वर्षांच्या आधीपासून? फक्त शाळेत की घरीही? झोप कशी आहे, ऐकू-दिसायला नीट येतं ना, मन उदास असतं का? आणि हे सगळं नीट सांगू शकणारी व्यक्ती तोंडात कापसाचा बोळा घेऊन समोर बसली होती. बोलण्यावर जिचं पोट चाललं ती बाई नेमकी आज मुकी.

"ऊंऊ आआ ऊऊ," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"आजी म्हणते, चालता यायला लागलं तेव्हापासून मी धावूनच राहिलो," हर्षित म्हणाला.

"ओऊ ऊंआं."

"बालवाडीत भिंतीवरून उतरवत होते मले. दोनदा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. एका जागी बूड न टेकवणारा तो पोरगा आजीच्या तोंडाकडे टक लावून बसला होता आणि त्या ऊंऊंमधला एकही शब्द गाळत नव्हता. मोनालीचे डोळे भरून आले. मग डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कोणी असं होतं का? लहानपणी, किंवा मोठेपणीही?"

मनकर्णाबाईंनी बोटानं वर, आकाशाकडे दाखवलं.

"आबाजी," हर्षित म्हणाला. "माझे आजोबा."

शालिकराम. चित्रकलेचे मास्तर. घराचं फाटक रंगवायला घेतलं आणि अर्धं हिरवं करून सोडून दिलं, ते आजतागायत तसंच आहे. तीन पायांचा स्टूल. लग्नपत्रिकेवर काढलेला बिनसोंडेचा गणपती. अर्धवट राहिलेल्या गोष्टींनी घर भरलं होतं आणि त्या माणसावाचून ते रिकामं झालं होतं. मनकर्णाबाईंनी जन्मभर त्याला धांदरट म्हटलं. त्याला दुसरं काही नाव असेल हे कोणी सांगितलंच नव्हतं.

"ही गोष्ट घराण्यातून येऊ शकते," डॉक्टर म्हणाल्या. "मी एका दिवसात शिक्का मारत नाही. शाळेकडून माहिती घेऊ, अजून दोनतीनदा भेटू. पण मला वाटतं हे एडीएचडी आहे. याचा अर्थ बुद्धी कमी, संस्कार कमी किंवा मोबाइल जास्त असा नाही. लक्ष त्याच्याकडे भरपूर आहे. ते कुठे लावायचं आणि कुठून काढायचं, हे त्याच्या मेंदूला जड जातं."

मनकर्णाबाईंनी बोळा गालात सरकवला आणि बराच वेळ ऊंऊ केलं.

"आजी म्हणते," हर्षित हळूच म्हणाला, "बोर्डावरचे सगळे दिवे एकदमच लागून राहिलेत. अन् ऑपरेटर एकच हाय."

"बरोबर," डॉक्टर हसल्या. "आणि ती ऑपरेटर कामचुकार नाही, हे लक्षात ठेवा. तिला मदत लागते. आपण ती करू."

अशी कामाला सुरुवात झाली, आणि मनकर्णाबाईंच्या खोट्यालाही नवीन पालवी फुटली. कारण डॉक्टरकडे परत परत जायचं होतं, आणि एकच दाढ परत परत काढता येत नाही.

डॉक्टरांनी निदान पक्कं केलं आणि गोळी सुरू केली. "ही गोळी पोराला शहाणं करत नाही," त्यांनी समजावलं, "तो आहेच शहाणा. ऑपरेटरला वेळेवर चहाचा कप मिळावा, तसं हे आहे. बाकीचं काम तुम्ही सगळ्यांनी करायचं." पण तो चहा मिळणं सोपं नव्हतं. हे औषध सरसकट दुकानांत ठेवत नाहीत आणि चिठ्ठीशिवाय तर देतच नाहीत. नंदनवनातला दुकानदार म्हणाला, मेडिकल चौकात पाहा. मेडिकल चौकातला म्हणाला, मूळ चिठ्ठी आणा, झेरॉक्स चालत नाही. मूळ चिठ्ठी आणली तर म्हणाला, माल संपला. शेवटी जिथं औषध मिळालं तिथं मनकर्णाबाईंच्या मागे ब्लडप्रेशरच्या गोळ्यांसाठी बाबाराव उभे.

"इतक्या दूर?" बाबारावांनी विचारलं. "काय घेऊन राहिल्या?"

"दाताची गोळी."

"दाढ तं काढली म्हणे?"

"ही दुसऱ्या दाढेची," मनकर्णाबाई म्हणाल्या. दुकानदारानं चिठ्ठीवरून मान वर केली, आजींकडे पाहिलं, आणि माणुसकीनं पुन्हा खाली घातली.

संध्याकाळी बाबारावांकडून लवंगेचं तेल आलं. दुसऱ्या दिवशी दोन घरांतून मऊ खिचडी आली. गल्ली वाईट नव्हती, हेच तर दुःख. गणपतीत सगळ्यांना खोबऱ्याची खिरापत आणि मनकर्णाबाईंना केळं. महालक्ष्म्यांच्या जेवणात त्यांच्या पानातून कोणीतरी प्रेमानं वडा काढून घेतला. ज्या बाईच्या हातची चकली गल्लीत कडकपणासाठी प्रसिद्ध होती, तिला लहान पोरं "आजी, तुला चावत नाही ना?" असं विचारू लागली. मनकर्णाबाई रोज दार लावून, पडदा ओढून, चोरासारखे फुटाणे खात.

इकडे घरात मात्र काहीतरी हलत होतं. सुरुवातीला गोळीनं हर्षितची दुपारची भूक गेली, तर डॉक्टरांनी मात्रा बदलली. थोडा वेळ अभ्यास, मग गच्चीवर एक चक्कर, मग पुन्हा थोडा अभ्यास. चक्कर चुकवायची नाही, असं डॉक्टरांनीच बजावलं होतं. शाळेनं त्याला खिडकीजवळून उचलून पुढच्या बाकावर बसवलं. आणि सगळ्यात अवघड पथ्य घरच्यांना होतं. पोराला एका वेळी एकच गोष्ट सांगायची.

हे अंकुशला जमणं कठीण होतं. ते दारातूनच सुरू व्हायचे, "हर्षित, बूट उचल, पाण्याची मोटर लाव, अन् ते गणिताचं दाखव, काल सांगितलं होतं ते केलं का, अन् आधी हा पंखा बंद कर, अन्..."

एरवी इथं दार आपटलं असतं. पण आजीनं नातवाला एक्स्चेंजमधली एक जुनी युक्ती शिकवली होती. हर्षित ताठ उभा राहिला आणि नाकातून बाईचा आवाज काढून म्हणाला, "इस रूट की सभी लाइनें व्यस्त हैं. कृपया थोड़ी देर बाद डायल करें."

अंकुशचा चेहरा लाल झाला. "बापासंगं मस्करी करून राहिला?"

"मस्करी नाही ते," मनकर्णाबाई मध्ये पडल्या. "खरं सांगून राहिला तो. एका वेळी एकच कॉल, अंकुश. बाकीचे होल्डवर ठेव."

अंकुश पुटपुटत आत गेले. पण थोड्या वेळानं बाहेर येऊन म्हणाले, "मोटर लाव." आणि थांबले. मोटर लागली. त्या घरात पहिल्यांदाच मोटर पहिल्या सांगण्यात लागली, आणि मनकर्णाबाईंना एखादा लाइटनिंग कॉल विनासायास जोडला गेल्याचं समाधान झालं.

सगळेच दिवस असे नव्हते. एकदा डबा पुन्हा हरवला, एकदा वर्गात मारामारी झाली. पण सहामाहीच्या पेपरांना मागची पानं होती. त्यांवर काही लिहिलेलंही होतं. हर्षित पास झाला. पहिला वगैरे नाही, साधा, सरळ, पूर्ण पास.

"चांगलं हाय," अंकुश म्हणाले. "पण ती शाळा पाहून तं येऊ. मी शब्द दिला हाय त्यायले."

दिवाळीच्या फराळाला प्रेमिलाबाई आल्या. त्यांनी मनकर्णाबाईंसमोर मऊ अनारसा ठेवला, दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, "मनकर्णा, एक विचारतो. इतक्या चकरा मारल्या तू डॉक्टरकडं. तितके दात तं तुह्या तोंडात पहिल्यापासून नव्हते."

मनकर्णाबाईंनी मान खाली घातली.

"मले पहिल्याच दिवशी समजलं होतं वं. माही कवळी काढली होती, डोळे नव्हते काढले. जिना चढताना दिसली तू मले, अन् दुसऱ्या मजल्याची पाटी बी वाचली मी."

"मंग बोलली काहून नाही?"

प्रेमिलाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "माही नात. अकरावीत हाय. गुणाची पोरगी, उड्या नाही, मस्ती नाही. नुसती खिडकीतून पाहत राहते. पुस्तक उघडं अन् पोरगी भलतीकडंच. सगळे आळशी म्हणतात तिले. रडत राहते बिचारी. असं, शांत राहणाऱ्या पोरीले बी होते काय वं ते?"

हे मनकर्णाबाईंनी डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं. होतं. पोरींमध्ये ते पुष्कळदा असंच निमूट असतं, म्हणून कोणाच्या ध्यानातच येत नाही. त्यांनी प्रेमिलाबाईंचा हात धरला. त्या दिवशी दातांच्या दवाखान्यात प्रेमिलाबाईंनी धरला होता, तसाच घट्ट.

"सोमवारी चाल मह्यासंगं, तिले घेऊन," त्या म्हणाल्या. "अन् कोणी विचारलं तं दाताचं नको सांगू. लय महाग पडते."

मग त्यांनी फराळाच्या ताटातली चकली उचलली आणि कडाड आवाज करत खाल्ली.

रविवारी अंकुशनं गाडी काढली. मोनालीनं "मी पाहाले बी येणार नाही" म्हणून सांगून टाकलं होतं. मनकर्णाबाई न विचारता मागच्या सीटवर जाऊन बसल्या. हर्षित पुढे. वर्धा रोडला एका टपरीवर थांबून तर्री-पोहे खाल्ले. मनकर्णाबाई हात धुवायला मागच्या नळावर गेल्या आणि पदराला हात पुसत परत येतात तो गाडी निघालेली. आधी वाटलं, वळवत असेल. मग ती मोठ्या रस्त्याला लागली आणि दिसेनाशी झाली.

टपरीवाल्यानं खुर्ची पुढे केली. "कोणाची गाडी होती, आजी?"

"माह्याच पोराची."

"मंग येईन ना."

मनकर्णाबाई खुर्चीत बसल्या. अपमान मोठा होता, पण नवीन नव्हता. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी जाताना मौद्याच्या बस स्टँडवर शालिकराम त्यांना ट्रंकेशेजारी बसवून चहा सांगायला गेले, तिथं एक चित्रवाला भेटला, त्याच्याशी बोलत बोलत ते बसमध्ये चढले आणि थेट गावी पोहोचले. आईनं "सून कुठाय?" विचारल्यावर त्यांना आठवलं. परत आले तेव्हा नव्या नवरीच्या मांडीवर कोणाचं तरी लेकरू झोपलं होतं आणि शालिकरामच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या पाण्यावर पुढचा सगळा संसार तरला. मनकर्णाबाईंना विसरून जाणारी आता या घराण्याची दुसरी पिढी झाली होती.

गाडी परत आली. मध्ये काय झालं होतं ते हर्षितनं उतरता उतरताच सांगून टाकलं. प्लँटमधून फोन आला, बाबा कानाला फोनचं यंत्र लावून बोलत बोलत गाडीत बसले आणि निघाले. हर्षित "बाबा, आजी!" म्हणतोय, तर बाबा हातानं चूप म्हणतायत. "मंग मी म्हटलं, बाबा, तुमचा फोन होल्डवर ठेवा. एक लाइटनिंग कॉल हाय!"

अंकुश आईसमोर उभे होते. एवढा मोठा माणूस, पण चेहरा अगदी दाराशी बसून रडणाऱ्या पोरासारखा.

"मले वाटलं तू बसली..."

"तुह्या बाबानं मले मौद्याले सोडलं होतं," मनकर्णाबाई म्हणाल्या. "तू निदान पोह्याच्या टपरीवर तरी सोडलं. इथं खुर्ची हाय."

अंकुश हसले नाहीत. बाकावर बसले. मग म्हणाले, "शाळेत मास्तर रोज मारत मले, आई. डबा विसरला म्हणून, पुस्तक विसरलं म्हणून. बाबारावकाका म्हणतात ना, मास्तर होते. होते. पण मी सुधरलो नाही वं. फक्त भ्यालो." त्यांनी हर्षितकडे पाहिलं. तो टपरीवाल्याच्या स्टोव्हचा पंप कसा चालतो ते वाकून पाहत होता.

तेवढ्यात फोन वाजला. निवासी शाळेतून होता. निघालात का, कुठवर पोहोचलात, कागद आणलेत ना, फोटो आणलेत ना, एका दमात सगळं. अंकुशनं ऐकून घेतलं. मग घसा खाकरला, आणि ज्यांनी जन्मात कधी विनोद केला नव्हता ते मौद्याचे शिफ्ट इंजिनिअर, भर रस्त्यावर, नाकातून म्हणाले, "इस रूट की सभी लाइनें व्यस्त हैं."

आणि फोन ठेवून दिला.

हर्षित स्टोव्ह सोडून धावत आला. बापाच्या गळ्यात पडला, आणि पडता पडता पोह्यांची एक प्लेट सांडली. तिच्याबद्दल कोणी काही बोललं नाही.

संध्याकाळी गाडी गल्लीत शिरली. अर्ध्या हिरव्या फाटकाशी बाबाराव उभे होतेच.

"कुठं गेले होते?"

मनकर्णाबाई गाडीतून उतरल्या. कित्येक महिन्यांनी त्यांना उत्तर तयार करावं लागलं नाही. "नातवाच्या हॉस्टेलले नाही म्हणून आलो," त्या म्हणाल्या. "त्याले एडीएचडी हाय, बाबाराव. महालात डॉक्टर सोनकुसरे हायत, त्यायच्याकडं इलाज चालू हाय. लय चांगल्या बाई हायत. वेळ भेटला तं सांगतो सगळं, बसून."

बाबारावांच्या ओठांवर मास्तरांची काहीतरी गोष्ट आली असावी, पण फाटक लावायला विसरून घरात पळणाऱ्या हर्षितकडे आणि ते लावायला परत फिरलेल्या अंकुशकडे पाहून त्यांनी ती गिळली.

"बरं," ते म्हणाले. "अन् तुमची ती दाढ? तिचं काय झालं?"

मनकर्णाबाईंनी उजव्या कोपऱ्यात, सगळ्यात मागे, त्या रिकाम्या जागेला जिभेनं हळूच नमस्कार केला.

"गेली बिचारी," त्या म्हणाल्या. "पण चांगल्या कामी गेली."